गाण्याच्या आधीचं

"सत्तेचाळीस सेकंद," घड्याळाचा खटका दाबत मी म्हणालो. "पोरेमास्तर, परवा छत्तीस होते. काल एकतीस. आज सत्तेचाळीस. हे काय चाललंय?"

पोरेमास्तरांनी पेटीचा भाता सोडला. आत उरलेली हवा सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर पडली.

"पोरांस्नी जरा दम खाऊ दे म्हणलं, सर."

"दम खायला ती काय उसाच्या फडातनं आलीत? सकाळचे आठ वाजलेत."

पोरं हसली. बाराजण होती, सहावी-सातवीची. हिरा तोडकर तेवढी लगेच हसली नाही. ती माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती. बाकीच्यांचं हसू सुरू झाल्यावर मग तीही हसली. मला ते बघणं आवडायचं नाही. पूर्वी ती तशी बघायची का, हे मला आठवत नव्हतं. पण मास्तर आल्यापासून ती बदलली आहे, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

एकोणऐंशी सालची ही गोष्ट. विट्याच्या एका शाळेत मी संगीत शिकवत होतो. गाणं सुरू होण्याआधी पेटीवर जो तुकडा वाजतो, त्याला आमची पोरं 'आधीचं' म्हणायची. "सर, आज आधीचं लई लांबलं," असं. मी त्यांना सांगायचो, आधीच्याचं काम सोपं आहे. गाणाऱ्याला दार उघडून द्यायचं, सूर दाखवायचा, लय दाखवायची आणि बाजूला व्हायचं. दारातच गप्पा मारत उभं राहायचं नाही.

जिल्ह्याच्या समूहगीत स्पर्धेत सहा मिनिटं मिळत. पेटीचा पहिला सूर वाजला की घड्याळ सुरू. आदल्या वर्षी आम्ही अकरा सेकंदांनी लांबलो आणि ढाल गेली. त्यानंतर मुख्याध्यापक माहुलकरसरांनी मला बोलावून सांगितलं होतं, "सबनीस, पुढच्या वर्षी ढाल आली तर संगीत राहील. नाही आली तर तुमचे तास गणिताला. तुम्ही बागकाम आणि शिवण बघा." ते चेष्टा करत नव्हते. चेष्टा त्यांना येतच नव्हती.

गाणं मीच बांधलं होतं, ओढ्यावरचं. पहिली ओळ हिरानं एकटीनं म्हणायची, मग बाकीच्या अकराजणांनी उचलायची. गाण्याला सव्वापाच मिनिटं लागत. म्हणजे आधीच्याला पंचवीस-तीस सेकंद, पुष्कळ झाले. मी मास्तरांना अठरा सेकंदांचा तुकडा लिहून दिला होता. तो कागद त्यांनी घडी करून टोपीत ठेवला आणि वाजवलं मनाचंच.

दत्तोबा पोरे हा माणूस मूळचा फडातला. अर्धं आयुष्य तमाशात आणि नाटक कंपनीत पेटी वाजवण्यात गेलेलं. मला पोरांसमोर उभं राहून हातानं लय द्यावी लागे, म्हणून पेटीला त्यांना घेतलं होतं. बोटं सोन्याची. पण सुरुवात करायचे ती खालच्या सुरांवर, खर्जात. एकच सा धरून बसायचे. घुमवायचे, घुमवायचे, आणि मध्येच हिराकडं बघायचे. तिनं मान किंचित हलवली की मग पुढं जायचे. कधी दहा सेकंदांत हलवायची, कधी तीस.

ही मान हलवण्याची खूण मी तिसऱ्या दिवशी पकडली.

"ती कशाला मान हलवते?" मी विचारलं.

"लय धरती आसंल."

"लय अजून सुरूच कुठं झालीय, मास्तर? तुम्ही नुसता सा धरून बसलाय."

मास्तरांनी पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या रुमालानं पुसायला सुरुवात केली. ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो माणूस असंच काहीतरी पुसत बसतो.

दुसरी गोष्ट पेटीच्या जागेची. मी पेटी रांगेच्या उजव्या टोकाला ठेवत असे. दुसऱ्या दिवशी यावं, तर ती हिराच्या डाव्या अंगाला खेटून ठेवलेली. हिरा डावा हात पेटीच्या लाकडावर टेकून उभी. मी म्हटलं, "हात खाली. स्टेजवर कठडा धरून उभं राहतात का?" तिनं हात काढला. आधीचं संपलं आणि तिनं सुरुवात केली ती जरा चढीच. मला वाटलं, मुद्दाम.

आणि ते कुजबुजणं! मी वर्गात शिरलो की मास्तर हिराच्या कानापासून तोंड बाजूला घ्यायचे आणि दोघं गप्प व्हायची. तिला पाठीमागून हाक मारली तर वळायची नाही. शालन भोकरे तिच्या शेजारी उभी असायची. ती कोपरानं ढोसायची, तेव्हा वळायची. तशी हिराला मोठ्यानं बोलायची सवय. घरात पिठाची गिरणी, तिथं ओरडल्याशिवाय भागत नसेल. पण आता तिला सरांच्या हाकेची किंमत राहिली नाही, असं मी धरून चाललो. बारा वर्षं पोरं शिकवून मला पोरं कळतात, अशी माझी खात्री होती.

स्पर्धेला आठ दिवस राहिले असताना ज्ञानू शिपाई चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाला, "सर, एक सांगू का? आपलं मास्तर काल स्टँडामागच्या शाळेत शिरताना बघितलं."

स्टँडामागची शाळा म्हणजे आमच्या तालुक्यातली दुसरी. आदल्या वर्षीची ढाल तिच्याकडं होती.

"कशाला गेले होते?"

"आता ते मला काय ठावं? पर भाईर आलं तवा हातात रुमालाची पुरचुंडी हुती. लई जपून धरल्याली."

"तू विचारलं नाहीस?"

"मी शिपाई, सर. फौजदार न्हाई."

मी मास्तरांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काहीतरी पुसत बसले असते. मी पाळत ठेवायचं ठरवलं. मला आज लिहिताना लाज वाटते, पण चार दिवस मी मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभा राहून संगीताच्या खोलीचं दार बघत होतो. पाचव्या दिवशी दुपारी मास्तर आत गेले. मी पाच मिनिटं जाऊ दिली आणि दार ढकललं.

पेटीचं पोट उघडं होतं. वरची फळी भिंतीला टेकवलेली, स्क्रू एका बशीत, आणि मास्तर पेचकस घेऊन आत वाकलेले.

"काय करताय?"

ते दचकले नाहीत. फक्त हळूच उठले, गुडघ्यावर हात ठेवून. "सूर बसलाय, सर. खर्जाचा. जरा साफ करतोय."

"मला न विचारता?"

"तुमी दिसला न्हाईत."

त्यांच्या पायाशी तो रुमाल पडला होता. मोकळा. मी त्याच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. तेवढ्यात दारात हिरा आली. तिनं मास्तरांकडं बघून मान हलवली, आडवी. नाही म्हणून. मास्तरांनी ओठ मिटले.

त्या क्षणी माझा निकाल लागला. ही दोघं मिळून मला फसवतायत. आधीचं लांबवून वेळ खायचा, पेटी बिघडवून ठेवायची, ढाल पुन्हा स्टँडामागं. पोरीला काय कबूल केलं असेल? तिथली जागा? बक्षीस? लहान पोर, फशी पडली असेल. तिच्यावर मला राग कमी आणि कीव जास्त येत होती. म्हणजे मी किती चांगला, हेही मनाच्या एका कोपऱ्यात चाललं होतंच.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शेवटची तालीम संपली. आधीचं त्रेचाळीस सेकंद. मी पोरांना बाहेर काढलं.

"मास्तर, उद्या तुम्ही येऊ नका. पेटी मी वाजवीन."

 टोपीतला माझा कागद काढून त्यांनी मला परत दिला. घडी अजून तशीच होती.

"तुमची शाळा, सर. तुमचीच पोरं. पर दोन गोष्टी ऐका. आपलीच पेटी न्या. आन् ती हिराच्या डाव्या अंगाला ठेवा."

"का?"

"ठेवा म्हणतोय."

"अहो पण का?"

"मी जबान दिलीय, सर." त्यांनी चपला घातल्या. "आन् घाई करू नका. तुमी दार उघडता खरं, पर आत यायला कुणाला किती येळ लागतो ते बघत न्हाई."

फडातल्या माणसाचं बोलणं. मी कडी लावली.

'आपलीच पेटी न्या' हे शब्द रात्रभर माझ्या डोक्यात होते. सकाळी मी पेटी नेलीच नाही. सांगलीला पोचल्यावर संयोजकांकडची मागून घेतली. चकचकीत, नवी, हलक्या आवाजाची. ती रंगमंचाच्या उजव्या बाजूला माइकजवळ ठेवली होती. म्हटलं, बरोबर आहे, पेटी तिथंच हवी.

एसटीतून उतरल्यापासून पोरं मास्तरांना शोधत होती. शालननं दोनदा विचारलं, "मास्तर न्हाईत का आलं?" दुसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसलो. हिरानं काहीच विचारलं नाही. ती आपल्या डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं दाबत बसली होती.

आमचा नंबर नववा. पडदा वर गेला. मी अठरा सेकंदांचं आधीचं वाजवलं, जसं लिहिलं होतं तसंच. सूर स्वच्छ, लय नेटकी. शेवटच्या मात्रेवर मी हिराला मान हलवून खूण केली.

हिरा गायली नाही.

ती डावीकडं बघत होती. तिथं काही नव्हतं, नुसता मखमली पडदा. मी तुकडा पुन्हा वाजवला. सभागृहात कोणीतरी खाकरलं. पुन्हा खूण केली. तिनं माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि सुरुवात केली. भलत्याच सुरावर. चार-पाच पट्ट्या वर, कुठल्या कुठं. बाकीच्या अकराजणांनी ओळ उचलायला श्वास घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. कुठं उचलणार? हिराही थांबली. आपण चुकलो हे तिला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं.

मी तिसऱ्यांदा पेटीवर बोटं ठेवली, तेवढ्यात शालन रांग सोडून निघाली. हिराच्या डाव्या बाजूला गेली, तिच्या कानाला तोंड लावलं आणि सा धरला. खालचा. नुसता सा. मग दुसरी गेली, मग सोपान गेला. बघता बघता रांग मोडली आणि अकराही पोरं हिराभोवती कोंडाळं करून उभी राहिली, गुणगुणत. मोहोळासारखा तो सा वाढत चालला. मी हातानं त्यांना जागेवर जायची खूण केली. एकानंही हलायचं नाव घेतलं नाही. सोपाननं माझ्याकडं बघितलं. पोरं अनोळखी माणसाकडं बघतात, हा काय करेल याचा भरवसा नसलेल्या माणसाकडं, तसं.

मी पेटीवरून हात काढला. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पंच लिहीत होते.

मग हिरानं मान हलवली, नेहमीसारखी किंचित. आणि तिनं ओळ म्हटली.

पुढं दुसऱ्या शाळांतून मी हजारो पोरांकडून गाणी बसवून घेतली. तशी पहिली ओळ मला पुन्हा ऐकायला मिळाली नाही, एवढंच सांगतो. बाकीच्यांनी उचलली. गाणं पेटीशिवाय चाललं, आणि चाललं ते सुरात.

शेवटचं कडवं निम्मं झालं होतं तेव्हा पंचांच्या टेबलावरची घंटा वाजली. टिंग. सहा मिनिटं संपली. अकरा पोरं चपापली. हिरा गात राहिली. घंटा पुन्हा वाजली, जोरानं. हिरा डोळे मिटून गातच होती. चेहऱ्यावर घाबरल्याची, हट्टाची कसलीच खूण नाही. तिच्यासाठी घंटा वाजलीच नव्हती. पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिच्या मागोमाग पुन्हा गायला लागली, तिला एकटं पडू न देता, पार शेवटच्या अक्षरापर्यंत.

मी त्या परक्या पेटीपुढं बसून होतो.

परतीच्या एसटीत हिरा खिडकीशी झोपली. मी शालनला माझ्या बाकावर बोलावलं.

"तिला ऐकू येत नाही?"

शालननं आधी हिराकडं बघून घेतलं. "उजव्या कानानं कायबी न्हाई. डाव्यानं थोडं. कान फुटायचं की तिचं, दरसाल. आवंदा लईच झालं. ती तोंडाकडं बघून वळखती, सर."

"आणि गाणं?"

"पेटीवर हात ठेवला की लाकडातनं येतो म्हणती सूर. खालचा येतो, वरचा न्हाई. आपल्या पेटीचा खालचा सा लईच बारीक हुता. मास्तरांनी त्या शाळेतल्या मोडक्या पेटीतल्या खालच्या सुरांच्या पितळी पट्ट्या मागून आणल्या आन् आपल्या पेटीत बसवल्या. मग तिला चांगला यायला लागला. पर येळ लागतो. कवा लगेच सापडतो, कवा न्हाई."

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"व्हय."

"सगळ्यांना?"

"ज्ञानूमामाला न्हाई," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "आन् तुमास्नी."

"मला का नाही सांगितलं?"

ती पायाच्या अंगठ्यानं एसटीची फळी कोरत राहिली.  आणि कोरता कोरताच बोलली. "तुमी तिला काढलं असतं. रावसाहेबाचा आवाज फुटला तवा त्याला काढलाच की. आन् सुमीला, ती बेसूर म्हणून. हिरानं मास्तरांस्नी शपथ घातली, सरांस्नी सांगायचं न्हाई म्हणून. आमास्नीबी घातली."

त्यांचा माझ्यावर संशय होता. माझ्या आधीपासून. आणि त्यांचा खरा होता.

सोमवारी माहुलकरसरांनी बोलावलं. त्यांच्यापुढं निकालाचा कागद होता. आमच्या नावापुढं 'बाद' लिहिलेलं.

"पेटीवाला पिऊन आला होता का?"

"नाही. त्यांना मीच नेलं नव्हतं. पेटी मी वाजवली."

"का?"

"मला त्यांचा संशय होता."

"कसला?"

"चुकीचा."

त्यांनी चष्मा काढला. "ती पोरगी, पहिली ओळ म्हणणारी. ती म्हणे सुरूच करेना. आणि घंटा झाल्यावर थांबेना. उद्धट आहे का? की काही दोष आहे तिच्यात? तसं असेल तर स्पष्ट सांगा. चूक तिची असेल तर तुमच्या तासांचा मी पुन्हा विचार करीन."

माझे तास. बारा वर्षांची ती खोली. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य खरंही होतं.

"तिच्यात दोष नाही, सर. आधीचं चुकलं. मी घाई केली."

"आधीचं म्हणजे?"

"गाण्याच्या आधी पेटी वाजते ते."

"एवढ्यावरून अकरा पोरं स्टेजवर घोळका करून उभी राहतात?" ते माझ्याकडं बघत राहिले. "तुम्ही काहीतरी लपवताय, सबनीस."

"हो, सर."

एवढ्या सरळ उत्तराची त्यांना सवय नव्हती. त्यांनी वेळापत्रक पुढं ओढलं, लाल पेन्सिल घेतली आणि पुढच्या आठवड्यापासूनच्या तिन्ही चौकोनांत 'गणित' असं लिहिलं.

शनिवारचा शेवटचा तास तेवढा माझा राहिला होता. शुक्रवारी संध्याकाळी मी पोरेमास्तरांच्या घरी गेलो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. त्यांनी चहा दिला आणि पेटी पुढं ओढून भाता कसा धरायचा ते दाखवलं. मी संगीत विशारद. "दाबू नका," ते सांगत होते. "नुसता वारा जाऊ द्या. सूर काढायचा न्हाई, निघू द्यायचा."

शनिवारी मी आमची पेटी हिराच्या डाव्या अंगाला ठेवली. ती आधी बिचकली. मग तिनं हात लाकडावर टेकवला. बाकीची पोरं माझ्याकडं बघत उभी होती. घड्याळ मी खेळाच्या सरांना परत करून आलो होतो.

मी खर्जातला सा धरला. नवा बसवलेला सूर जाड होता, जमिनीतून आल्यासारखा. तो माझ्या मांडीला जाणवला, मग पायाखालच्या फरशीला. मी हिराकडं बघितलं.

"आला?" तिला ओठ दिसतील असं तोंड करून मी विचारलं.

तिनं डोळे मिटले. थोडा वेळ गेला.

"अजून न्हाई, सर," ती मोठ्यानं म्हणाली.

मी भाता मारत राहिलो.